तापणारा, आम्ल होत जाणारा समुद्र आणि किनाऱ्यावरचे शिंपले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिंपल्यांविषयी लिहायला लागल्यापासून काही प्रश्न मला पुन्हापुन्हा येतात. त्यातले बरेचसे इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर आधीच आलं असेल, तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘शिंपले’ म्हणताना माझ्या मनात कालवं, तिसऱ्या, शिनाणे असे दोन शिंपांच्या आत राहणारे मऊ अंगाचे प्राणी आहेत. खेकडे आणि कोळंबीचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

१. समुद्राचं आम्लीकरण म्हणजे काय? समुद्र खरंच आंबट होतोय का?

आंबट होत नाही. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, म्हणजे त्याचा पीएच ७ च्या वर असतो, आणि खुल्या समुद्रात तो या शतकाच्या अखेरीसही ७ च्या वरच राहील. तरीही ‘आम्लीकरण’ हा शब्द बरोबर आहे. ताप १०४ वरून १०२ वर आला की आपण ‘ताप उतरतोय’ म्हणतो, तेव्हा अंग काही गार पडलेलं नसतं. तसंच हे आहे.

कारण साधं आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. माणसाने सोडलेल्या या वायूचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात तो विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेट आयनांना पकडून त्यांचं बायकार्बोनेट करून टाकतात. शिंपल्यांचं दुखणं इथून सुरू होतं, कारण कवचाची रचना टिकणं आणि वाढणं कार्बोनेट मुबलक असण्यावर अवलंबून आहे.

‘महासागराचं आम्लीकरण’ हा शब्दप्रयोग केन काल्डेरा आणि मायकेल विकेट यांच्या २००३ सालच्या शोधनिबंधानंतर रूढ झाला.

२. पीएच ८.२ वरून ८.१ वर आला म्हणे. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?

पीएचची पट्टी आपल्या फूटपट्टीसारखी सरळ नसते. तिच्यावर एक अंक खाली आलं की हायड्रोजन आयन दहा पट होतात. ०.१ ची घट म्हणजे सुमारे २६ टक्के वाढ. कोणी ‘पीएच फक्त ०.१ ने घसरला’ म्हणालं, तर ‘आम्लता चतुर्थांशाहून अधिक वाढली’ असं ऐकावं. उत्सर्जन असंच चढत राहिलं, तर शतकाच्या अखेरीस आणखी ०.३ च्या आसपास घट होईल असा अंदाज आहे.

शिवाय ही जगभरची सरासरी आहे. शिंपला सरासरीत राहत नाही, तो एका विशिष्ट खडकावर किंवा चिखलात राहतो. तिथलं चित्र प्रश्न १० आणि ११ मध्ये आहे.

३. मग कवच पाण्यात विरघळतं का? व्हिनेगरमध्ये टाकलेल्या अंड्याच्या टरफलासारखं?

हा प्रयोग शाळाशाळांत दाखवतात आणि त्यातून चुकीचं चित्र मनात बसतं. व्हिनेगर समुद्राच्या पाण्यापेक्षा लाखो पटींनी आम्ल असतं. जिवंत शिंपल्याचं कवच तसं फसफसून नाहीसं होत नाही.

किनाऱ्यावरचा एखादा रिकामा शिंपला हातात घेऊन पाहा. बाहेरून एक पातळ, तपकिरी, सालीसारखा थर दिसेल. तो सेंद्रिय असतो आणि आतल्या चुन्याचं रक्षण करतो. जिथे दोन शिंपा बिजागरीने जोडलेल्या असतात, तिथला फुगीर टोकदार भाग हा कवचाचा सगळ्यात जुना भाग. बहुतेक शिंपल्यांत नेमकी तिथलीच साल झिजलेली, पांढरी पडलेली दिसते. पाण्यात कार्बोनेट कमी झालं की अशा उघड्या पडलेल्या जागा आधी खंगतात. ओहोटीनंतर पडून राहिलेले रिकामे शिंपले तर आणखी लवकर झिजतात, कारण त्यांची डागडुजी करणारं आत कोणी नसतं.

जिवंत प्राणी डागडुजी करत राहतो. त्यासाठी त्याला जास्त ऊर्जा मोजावी लागते. कवच बांधताना आतल्या द्रवातून हायड्रोजन आयन बाहेर ढकलावे लागतात, आणि बाहेर ते आधीच जास्त असतील तर हे काम चढावर गाडी ढकलण्यासारखं होतं. ती ऊर्जा वाढीतून, अंडी घालण्यातून, रोगाशी लढण्यातून वजा होते. मला कोणी एका वाक्यात सांगायला लावलं तर मी म्हणेन: कवच विरघळण्याची भीती आहेच, पण त्याच्या कितीतरी आधी शिंपल्याचा खर्च वाढतो आणि तो खर्च त्याला झेपत नाही.

४. सगळा त्रास पिल्लांनाच होतो असं का म्हणतात?

कालवाचं उदाहरण घेऊ. मादी पाण्यात अंडी सोडते, नर शुक्राणू सोडतो, फलन उघड्या पाण्यातच होतं. त्यातून जे डिंभ, म्हणजे पोहणारं पहिलं रूप तयार होतं, ते माणसाच्या केसाच्या जाडीएवढं असतं. फलनानंतर दोन दिवसांच्या आत त्याला पहिलं कवच पुरं करायचं असतं. पॅसिफिक कालवाच्या डिंभात या ४८ तासांत शरीराच्या वजनाच्या सुमारे ९० टक्के इतकं कॅल्शियम कार्बोनेट जमा होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं दिसतं: एक बाजू सरळ, दुसरी गोल.

एवढं बांधकाम उपाशीपोटी चालू असतं. खाण्याची यंत्रणा अजून तयार नसते, अंड्यात आईने ठेवलेली शिदोरी तेवढी असते. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तेच कवच बांधायला शिदोरीतला मोठा वाटा संपतो. काही डिंभ कवच बांधतातही, पण स्वतः अन्न गोळा करू लागण्याच्या टप्प्यावर पोचेपर्यंत त्यांच्यापाशी काही उरत नाही.

दुसरी अडचण पदार्थाची. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. कॅल्साइट तुलनेने टिकाऊ, अ‍ॅरागोनाइट लवकर विरघळणारं. मोठ्या कालवाचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं असतं, पण डिंभाचं कवच अ‍ॅरागोनाइटचं. म्हणजे जीव सर्वात लहान, घाई सर्वात जास्त आणि हाताशी माल सर्वात कच्चा.

म्हणूनच खडकावर धडधाकट कालवं दिसतात म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. ती काही वर्षांपूर्वी जगली वाचली, एवढंच त्यावरून कळतं. या वर्षी बी, म्हणजे खडकाला चिकटलेली नवी पिल्लं, किती बसलं, ते मोजावं लागतं.

५. हे प्रत्यक्षात कुठे घडलंय, की सगळं प्रयोगशाळेतलं आहे?

घडलंय. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात नेटार्ट्स उपसागराकाठी कालवांचं बी तयार करणारं व्हिस्की क्रीक हे केंद्र आहे. २००७ च्या सुमारास तिथल्या टाक्यांमधले डिंभ मोठ्या संख्येने मरू लागले. पश्चिम किनाऱ्यावरचे अनेक कालवपालक याच बियाण्यावर अवलंबून, त्यामुळे हवालदिल झाले. आधी संशय जीवाणूंवर गेला. पाणी निर्जंतुक करण्याची व्यवस्था बसवली, तरी मर थांबेना.

मग लक्ष पाण्याच्या रसायनाकडे गेलं. उन्हाळ्यात तिथे विशिष्ट दिशेने वारे वाहतात, पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. खोलवर सेंद्रिय पदार्थ कुजत असल्याने या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच जास्त असतो. त्यात माणसाने सोडलेल्या वायूची भर पडलेली. असं पाणी टाकीत भरलं त्या दिवशी फलन झालेले डिंभ पुढे नीट वाढत नव्हते. गोम अशी की मर त्याच दिवशी दिसत नव्हती. पहिल्या दोन दिवसांत बसलेला फटका नंतर, वाढ खुंटल्यावर उघडा पडायचा. इतके दिवस कारण सापडलं नाही ते यामुळेच. २०१२ मध्ये हे सगळं शोधनिबंधाच्या रूपात प्रसिद्ध झालं.

उपाय निघाला तो फार सुंदर होता. पाण्याची सतत मोजणी सुरू केली. पाणी सकाळी घेण्याऐवजी दुपारनंतर घ्यायला लागले, कारण दिवसभर उपसागरातल्या वनस्पती प्रकाशसंश्लेषण करून कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. आणि गरजेप्रमाणे टाकीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा ज्याचा असतो तो पदार्थ, मोजून घालायला लागले. केंद्र सावरलं.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. आज वर येणारं ते पाणी हवेच्या संपर्कात काही दशकांपूर्वी होतं. त्यानंतर हवेत भर पडलेला वायू घेऊन येणारं पाणी अजून वाटेत आहे.

६. तापमानवाढीचा वेगळा परिणाम काय? की दोन्ही एकच?

मूळ एक, वाटा दोन. हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. शिंपले थंड रक्ताचे प्राणी. पाणी तापलं की त्यांच्या शरीराचा कारभार वेगाने चालतो, ढोबळ मानाने १० अंशांना दुप्पट. श्वास जास्त, भूक जास्त. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्यांचं संकट आणखी वेगळं, कारण ओहोटीत त्यांना ऊन थेट सोसावं लागतं. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भीषण लाट आली आणि नेमक्या त्याच दिवसांत मोठी ओहोटी भर दुपारी होती. व्हँकूव्हरच्या खडकांवर ५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान नोंदलं गेलं. शिनाणे अक्षरशः जागच्या जागी शिजले, शिंपा उघड्या पडल्या, किनाऱ्यावर सडका वास पसरला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रिस हार्ली यांनी किनाऱ्यावरच्या मेलेल्या प्राण्यांचा अंदाज १ अब्जाहून अधिक काढला. त्यातही एकाच खडकाची उन्हाकडची बाजू पांढरी पडली होती आणि सावलीच्या कपारीत, ओल्या शेवाळाखाली जिवंत शिनाणे होते. हातभराच्या अंतराने जीव गेला किंवा वाचला.

७. दोन्ही संकटं एकत्र आली तर बेरीज होते का?

कधी बेरीज, कधी त्याहून जास्त, क्वचित एकाने दुसऱ्याची धार बोथटही होते. थोड्या उबदार पाण्यात डिंभ लवकर वाढतात, त्यामुळे धोक्याचे पहिले दिवस लवकर सरतात. पण ही सवलत प्राण्याच्या सोसण्याच्या हद्दीपर्यंतच. ती ओलांडली की उष्णता आणि आम्लता दोघी एकाच शिदोरीवर हात मारतात (प्रश्न ३ आणि ४ मध्ये ज्या ऊर्जेबद्दल सांगितलं ती).

शिनाण्यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ते खडकाला धाग्यांनी चिकटतात. प्रयोगात कार्बन डायऑक्साइड बराच वाढवलेल्या पाण्यात बनलेले धागे सुमारे ४० टक्के कमी ताकदीचे निघाले. पाणी तापल्यानेही धागे कमजोर होतात. कवच शाबूत, प्राणी जिवंत, पण एका मोठ्या लाटेत आख्खा गुच्छ सुटून जातो.

८. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. मग तापमानवाढीने आम्लीकरण आपोआप कमी व्हायला नको का?

प्रश्न चांगला आहे. थोडं कमी होतंही, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्या गतीने वाढतोय त्यापुढे तो परिणाम किरकोळ आहे. याच नियमामुळे थंड पाण्यात कार्बोनेट मुळातच कमी असतं आणि ध्रुवीय समुद्र धोक्याच्या रेषेपाशी आधी पोचतात. उष्ण प्रदेशातल्या शिंपल्यांना रसायनाच्या बाजूने थोडी जास्त जागा आहे, पण उष्णतेच्या बाजूने त्यातले कित्येक आधीच हद्दीवर जगत आहेत.

९. खेकडे आणि कोळंबीचं काय? सगळ्यांवर सारखाच परिणाम होतो का?

मुळीच नाही. जस्टिन रीस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १८ जातींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कालवं आणि तिसऱ्यांच्या जातींत कवच बांधण्याचा वेग घटला, निळ्या शिनाण्यात फारसा फरक दिसला नाही आणि खेकडा, शेवंड, कोळंबी यांनी उलट जास्त कवच बांधलं. त्यांचं कवच कायटिन या चिवट पदार्थात गुंफलेलं असतं आणि वर सेंद्रिय आवरण असतं. जास्त कवच म्हणजे जास्त सुख असं मात्र नाही, त्यासाठीही ऊर्जा लागतेच. २०२० मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डंजनेस खेकड्याच्या डिंभांची कवचं समुद्रातच झिजलेली आढळली.

दोन अपवाद मला विशेष वाटतात. जर्मनीतल्या कील खाडीत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हंगामात खूप वाढतो, तरी तिथे शिनाण्यांचे जाड थर आहेत, कारण अन्न भरपूर मिळतं. पोट भरलेलं असलं की वाढीव खर्च परवडतो. दुसरा अपवाद मरियाना परिसरातल्या नॉर्थवेस्ट आयफुकू या सागरी ज्वालामुखीवरचा. तिथे पीएच ५.३६ इतका खाली नोंदला गेला आहे आणि तरीही शिनाण्यांचे नातलग जगतात. त्यांची कवचं इतर ठिकाणच्या निम्मी जाड असतात, बाहेरची साल शाबूत राहिली तरच निभावतं, आणि कवच फोडणारे खेकडे तिथे फिरकत नाहीत. तेच पातळ कवच दुसऱ्या किनाऱ्यावर चार दिवस टिकणार नाही.

१०. खाडीत पीएच रोजच वरखाली होतो. तिथल्या प्राण्यांना सवय नसते का?

काही प्रमाणात असते. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढतात, रात्री सगळेच श्वास सोडतात, त्यामुळे पहाटे पीएच सर्वात खाली असतो. पण चढउतार सोसणं वेगळं आणि ज्या पायरीवरून तो चढउतार होतो ती पायरीच खाली सरकणं वेगळं. पहाटेचा खालचा टप्पा आधी काठावर असायचा, आता तो काठाखाली जातो, आणि दर वर्षी अधिक तास. डिंभ नेमका त्या तासांत जन्मला तर सरासरीचा त्याला काही उपयोग नाही.

११. किनाऱ्यावरच्या आम्लतेला फक्त हवेतला वायूच जबाबदार आहे का?

नाही. शेतातली खतं आणि सांडपाणी वाहून आलं की शेवाळ माजतं, ते मरून तळाशी कुजतं, आणि कुजताना प्राणवायू संपतो व कार्बन डायऑक्साइड सुटतो. मिसिसिपी नदीच्या मुखासमोर मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात हे मोठ्या प्रमाणावर होतं. नद्यांच्या गोड्या पाण्यात कार्बोनेट सहसा कमी असतं, त्यामुळे मोठ्या पुरानंतर शिंपल्यांना रसायनाचाही फटका बसतो. यातलं सांडपाणी आणि खत हे तरी स्थानिक पातळीवर आवरता येतं.

१२. कवचात कार्बन साठतो. मग भरपूर शिंपले वाढवले तर हवेतला कार्बन कमी होईल ना?

ऐकायला पटतं, पण रसायन उलटं आहे. बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट बनताना कार्बन डायऑक्साइड पाण्यात सुटतो. कवचात कार्बन अडकतो हे खरं, पण तो हवेतून खेचलेला नसतो. शिंपले वाढवण्याची इतर कारणं भक्कम आहेत: पाणी गाळलं जातं, लाटा थोपवल्या जातात, माशांना आसरा मिळतो. त्यांच्या नावावर कार्बन खपवायची गरज नाही.

१३. असे शिंपले खाणं सुरक्षित आहे का?

आम्लीकरणामुळे मांस आंबट किंवा विषारी होत नाही. काळजी आहे ती उष्णतेची. व्हिब्रिओ गटातले जीवाणू कोमट पाण्यात फोफावतात. २००४ मध्ये अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमधली कच्ची कालवं खाऊन प्रवासी जहाजावरचे लोक आजारी पडले. तोपर्यंत असा उद्रेक इतक्या उत्तरेला झालेला नव्हता. आधीच्या नोंदींपेक्षा ही जागा सुमारे १००० किलोमीटर उत्तरेला होती. पाणी १५ अंशांच्या वर गेलं होतं.

नीट शिजवल्याने व्हिब्रिओ मरतो. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्चे शिंपले टाळावेतच. मात्र काही शेवाळांची विषं शिंपल्यांत साठतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. त्यामुळे शिंपले काढण्यावर बंदी जाहीर झाली असेल तर ती निमूट पाळावी.

शिंपल्यांचे स्वतःचे रोगही उष्णतेबरोबर फैलावतात. २००८ पासून फ्रान्समध्ये हर्पीस गटातल्या एका विषाणूच्या नव्या प्रकाराने कालवांची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मारली. पाणी १६ अंशांच्या वर गेलं की त्याची साथ पेट घेते. या विषाणूचा माणसाला धोका नाही.

१४. पूर्वी हवेत याहून जास्त कार्बन डायऑक्साइड होता, तेव्हाही शिंपले होतेच. मग आत्ताच काळजी का?

होते, हे खरं आहे. पण तेव्हा वाढ लाखो वर्षांत झाली. तेवढ्या अवधीत जमिनीवरचे खडक झिजून आणि तळाचा चुना विरघळून समुद्रात कार्बोनेटची भरपाई होत राहिली. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी कार्बन तुलनेने झटपट, म्हणजे काही हजार वर्षांत, सुटला तेव्हा खोल समुद्रातल्या चुन्याच्या कवचाच्या कित्येक सूक्ष्मजीवांच्या जाती नष्ट झाल्या. आपण त्याहून वेगाने कार्बन सोडत आहोत. दोन-तीन शतकांत ती भरपाई होऊ शकत नाही.

१५. शिंपले जुळवून घेतील का?

काही घेतील. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रॉक कालवांत जलद वाढ आणि रोगप्रतिकारासाठी निवडून वाढवलेली कुळं आम्ल पाण्यात रानातल्या कालवांपेक्षा चांगली टिकली. आईवडील आधीच अशा पाण्यात राहिलेले असतील तर डिंभ जास्त तग धरतात, हेही याच जातीत दिसलं. एक मादी एका वेळी लाखो अंडी सोडते, तेव्हा निवडीला वाव मोठा आहे. पण माझ्या मते यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. एका गोष्टीला टिकाव धरणारं कूळ उष्णतेलाही टिकेलच असं नाही, आणि ज्या जातींची पैदास माणूस करत नाही त्यांच्या वाट्याला हा आधार येतच नाही.

१६. समुद्रात चुना टाकून किंवा समुद्री गवत लावून हे थांबवता येईल का?

टाकीत जमतं (प्रश्न ५). मर्यादित चिखलपट्टीवरही थोडं जमतं: अमेरिकेतल्या मेन राज्यात चिखलात शिंपल्यांचा चुरा पसरला तेव्हा तिथला पीएच वाढला आणि तिसऱ्यांची पिल्लं जास्त संख्येने बसली. खाल्लेल्या शिंपल्यांची कवचं कचऱ्यात न टाकता परत पाण्यात द्यावीत, हा मला यातला सर्वात सरळ धडा वाटतो, कारण कालवांच्या पिल्लांना बसायलाही जुनी कवचंच आवडतात.

समुद्री गवत दिवसा आसपासचं पाणी सुधारतं, रात्री तो परिणाम ओसरतो. ते लावावं, पण फायदा त्या कुरणापुरता आणि पाणी किती वेळ तिथे थांबतं त्यावर अवलंबून. आख्ख्या समुद्राला चुना पुरवायचा तर खाणी, भट्ट्या आणि जहाजं लागतील आणि भट्टीत चुना भाजतानाही कार्बन डायऑक्साइडच सुटतो. मुळावरचा इलाज हवेत जाणारा वायू कमी करणं हाच आहे.

१७. मी स्वतः किनाऱ्यावर पीएच मोजला तर उपयोग होईल का?

रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांनी नाही. आपल्याला ०.१ चा किंवा त्याहून लहान फरक पकडायचा आहे आणि पट्टीची चूकच त्याहून मोठी असते. साधं हातातलं यंत्रही खाऱ्या पाण्यासाठी वेगळं जुळवून घ्यावं लागतं.

त्यापेक्षा एक काम करा. एक खडक ठरवा. दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला तिथेच जा, वीतभर लांबी-रुंदीचा तोच चौकोन पाहा आणि त्यात नखाएवढी नवी पिल्लं किती बसली ते मोजा. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि एक फोटो. मोठी कालवं मोजू नका, ती सगळ्यांना दिसतात. बी मोजा.